बिसी-बिसी पाला

आमच्या गल्लीत एका झुडपाला तीन नावं आहेत. जळकोटातले बहुतेक लोक त्याला निरगुडी म्हणतात. माझं माहेर परंड्याचं, घरी दखनी बोलायचे, म्हणून मी त्याला संभालू म्हणत मोठी झाले. आणि आमच्या शेजारच्या काकू लग्न होऊन आल्या कर्नाटकातून, त्यांच्या कानडीत ते लक्की. मी नवी सून असताना त्यांनी भिंतीवरून विचारलं होतं, "परसात लक्की लावला न्हाईस का गं अजून?" मला वाटलं, काहीतरी भाग्याचं झाड असणार. नवऱ्याच्या मागं लागून मोठ्या हौसेनं फांदी आणवली, आणि बघते तर काय, आपला संभालू! तरी लावलाच. आता तो भिंतीच्या वर गेलाय.

हे झाड ओढ्याच्या काठानं, बांधाच्या कडेनं आपसूक येतं. एका देठाला हाताच्या बोटांसारखी पाच पानं, वरून हिरवी आणि खालून राख फासल्यासारखी. पान चुरगाळलं की वास थेट मस्तकात जातो. शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत, म्हणून लोक कुंपणाला लावतात. घरात मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही. ज्वारीच्या कोठीत किड्यांसाठी वाळलेला पाला, सर्दीला वाफ, संध्याकाळी डासांना धूर. माझ्या दोन्ही बाळंतपणांत अंघोळीच्या पाण्यासाठी काकूंनी भिंतीवरून पाला टाकला तो टाकलाच. मी कंटाळून म्हणायचे, काकू, आता मी मुटकुळं करून त्या ओढ्यातच जाऊन बसते.

तर या झाडाची आणि आमच्या अब्बांची गाठ पडली ती गोष्ट.

अब्बा म्हणजे माझे सासरे. फरशीचे गवंडी. उभा जन्म त्यांनी उकिडवं बसून शहाबादी फरशी बसवण्यात घातला. अजूनही कुणाच्या घरी गेले की माणसांकडं नंतर बघतात, आधी जमिनीकडं. "उतार चुकलाय," असं यजमानाच्या तोंडावर सांगून टाकतात आणि मग चहा पितात. माझे केस पांढरे व्हायला लागले तरी मला अजून 'दुल्हन'च म्हणतात. जीभ तिखट, पण त्या तिखटाला माझंही तिखट उत्तर लागतं, नाहीतर त्यांना जेवण जात नाही.

एवढी वर्षं उकिडवं बसल्यावर गुडघे काय राहतात? रमजान ईदेला ईदगाहावर त्यांना पहिल्यांदा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून नमाज पढावी लागली. नमाजात कपाळ जमिनीला टेकवतात, त्याला सजदा म्हणतात. खुर्चीवरच्या माणसाला तो नुसतं पुढं वाकून करावा लागतो. धर्मात त्याला पूर्ण मुभा आहे, कुणी नावं ठेवत नाही. पण अब्बा घरी आले ते तोंड वाकडं करूनच. शीरखुर्म्याची वाटी हातात तशीच.

"सगळे खाली, अन् म्या एकटा वर," ते म्हणाले. "अल्लासमोर खुर्ची टाकून बसाया म्या काय सरपंच हाय व्हय?"

"मौलानांनीच सांगितलंय ना, चालतं म्हणून?"

"त्येंला चालतं, मला न्हाय चालत. पुढच्या साली ईदीला कपाळ मातीला लावणार. लिहून ठेव."

मी हसले. पण रात्री नवऱ्याला म्हटलं, म्हाताऱ्यानं हे मनाला लावून घेतलंय. आणि खरंच घेतलं होतं. त्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारणं, गुडघ्याला काय करावं? कुणी लसूण सांगितला, कुणी मेथी, कुणी सोलापूरचं ऑपरेशन. शेवटी काकू भिंतीवरून डोकावल्या.

"मामा, लक्कीचा पाला बिसी-बिसी बांधा की गुडघ्याला. आमच्या माहेरी म्हातारी माणसं त्याच्यावरच चालत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अब्बा अंगणात बाजेवर बसून पानं मोजतायत. "अठरा, उन्नीस, बीस." एक ढीग इकडं सरकवला आणि पुन्हा एकपासून सुरुवात.

"अब्बा, हे काय?"

"काकू बोल्ली न्हवं का? बीस-बीस बांधायचं. ह्या गुडघ्याला बीस, त्या गुडघ्याला बीस."

मलाही पटलं. औषध म्हटलं की मोजमाप आलंच. पण लगेच पंचाईत उभी राहिली. एका देठाला पाच पानं, मग ते एक पान धरायचं की पाच? माझं म्हणणं पाच. नवरा ड्यूटीला निघाला होता, तो चपला घालता घालता म्हणाला, पाचच. अब्बांनी दोघांनाही उडवून लावलं. "देठ एक तर पान एक. हात एक असतो का पाच?" गवंड्याशी मापावरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. माझ्या जुन्या ओढणीच्या पट्ट्या फाडून आम्ही चाळीस देठांचा पाला दोन गुडघ्यांना आवळला. पायजम्याच्या आत ते एवढं फुगलं की हायवेवरच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं म्हणे, चाचा, गुडघ्यात काय लपवून चाललाय?

असे कितीतरी दिवस गेले. ओढ्याकाठचं एक झाड बोडकं झालं. गुडघे होते तिथंच. शेवटी अब्बांनी भिंतीजवळ जाऊन काकूंना जाब विचारला. "बीस-बीस बांधतोय, फरक न्हाय. पंचवीस करू का?"

काकूंना आधी काही कळेना. मग कळलं आणि त्यांनी पदर तोंडात कोंबला. "अय्यो शिवने! मामा, बिसी म्हंजी गरम हो! गरम-गरम बांधा म्हटलं मी! बीस कुठलं काढलंत?"

आता कानडीत 'बिसी' म्हणजे गरम, आणि आमच्या दखनीत 'बीस' म्हणजे वीस. मधे एक मातीची भिंत. मी शिलाईमशीनवर बसले होते, इतकी हसले की ब्लाऊजची बाही उलटी शिवली गेली. अब्बासुद्धा हसले. चार दिवस गावात ते स्वतःच सांगत फिरत होते. पण आज मला वाटतं, ती चूक आम्हाला लाभली होती. गार पाला वीस बांधा नाहीतर दोनशे बांधा, त्यानं कुणाचं काही वाकडं होत नाही. घोटाळा झाला तो आम्ही शहाणे झाल्यावर.

मग बिसी-बिसी सुरू झालं. अब्बांनी परसात तीन दगडांची चूल मांडली, वर जुना तवा, पाल्याला तिळाच्या तेलाचा हात. मी मशीनवर असताना त्यांचं त्यांचंच चालायचं. गुडघ्यांना शेक बसला की "हाय रे" म्हणायचे आणि तोंडावर समाधान पसरायचं. खरंच आराम पडत होता, नाही म्हणत नाही. पाय थोडे मोकळे झाले. मग त्यांनी सुजलेल्या पावलांनाही पाला बांधायला घेतला आणि तिथं त्यांना नवलच वाटलं.

"दुल्हन, गुडघ्याला चटका बसतो, पण पावलाला काहीच वाटंना बघ. गुडघे नाजूक झाले, पण पाय अजून गवंड्याचे हायत. मजबूत!"

आणि मजबूत पायासाठी पाला आणखी तापवायचे.

एके दिवशी दुपारी मी पट्टी सोडायला बसले. डाव्या पावलावर, अंगठ्याच्या मागं, भला मोठा फोड आला होता आणि कडेला कातडं सोललं होतं. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. अब्बांनी वाकून बघितलं. कुणा दुसऱ्याचा पाय असावा तसं बघितलं.

"ह्ये कवा झालं?"

"दुखत नाही तुम्हाला?"

"न्हाय गं. कायबी न्हाय."

ते ओरडले असते, मला शिव्या घातल्या असत्या, तर मी एवढी घाबरले नसते. माझ्या हाताला पापडाचा चटका बसला तरी मी घर डोक्यावर घेते, आणि इथं कातडं सोललंय तरी हा माणूस शांत. काकू आरडाओरडा ऐकून धावत आल्या, फोड बघितला आणि म्हणाल्या, "थांब, ह्याच्यावर एक पाला हाय..."

"काकू, आता कुठलाच पाला नको!" मी एवढ्या जोरात ओरडले की त्या दोन पावलं मागं सरल्या. मग बिचाऱ्या डोळ्यांना पदर लावून म्हणायला लागल्या, "माझ्याच बिसीनं केलं गं हे." मला लाज वाटली, पण समजूत घालत बसायला वेळ नव्हता. म्हटलं, तुमच्यामुळं नाही झालं, पण घराकडं बघा, मी तुळजापूरला चालले.

जीपमध्ये अब्बा खिडकीतून बाहेर बघत होते. वाटेत एकदाच बोलले, "उगाच एवढ्याश्या फोडाला भाडं घालतीस."

तुळजापूरच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्यापेक्षा लहान, पण बोलणं खणखणीत. अब्बांना साखर आहे हे त्यांना आम्ही सांगितलं. गोळ्या चालू होत्या, म्हणजे आठवण झाली की घेत होते. बाईंनी त्यांना पलंगावर झोपवलं आणि कापसाचा बारीक बोळा घेतला.

"मामा, डोळे मिटा. पायाला लागलं की हो म्हणायचं."

अब्बांनी शाळेच्या परीक्षेला बसावं तसे डोळे घट्ट मिटले. "हो," ते म्हणाले. मग परत, "हो." मग, "हो, लागलं, अंगठ्याला लागलं."

बाईंचे दोन्ही हात त्यांच्या कोटाच्या खिशात होते.

मला हसू फुटलं. मी तोंडावर हात ठेवला, आणि ठेवल्या-ठेवल्या रडूच आलं. पास व्हायचं म्हणून म्हातारा अंदाजानं उत्तरं देत होता. बाईंनी मला डोळ्यांनी गप्प बसवलं आणि हळूच म्हणाल्या, "मामा, मी अजून हात लावलाच नाही."

अब्बांनी डोळे उघडले. "मग आता लावा."

बाईंनी त्यांच्या देखत बोळा पावलावरून फिरवला. अब्बांनी कोपरावर उठून बघितलं. "दिसतंय," ते म्हणाले. "लागत न्हाय."

मग बाईंनी नीट समजावलं. साखरेनं पावलांची जाण गेली होती. गुडघ्यांना चटका कळत होता, पावलांना कळत नव्हता, आणि ज्याला आम्ही मजबुती म्हणत होतो तो आजार होता. "निरगुडीचा काही दोष नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं कढत पाणी ओतलं असतं तरी हेच झालं असतं. अशा पायाला शेकच द्यायचा नसतो." मग त्यांनी विचारलं, "पाला पोटात घेतलात का कधी?"

अब्बा पंख्याकडं बघायला लागले.

"अब्बा!" मी म्हटलं.

"थोडासा काढा घेतला. आतून बी आराम पडंल म्हणून. लई कडू होता. दोन दिवस पोट बिघडलं, मग सोडला."

मला काही माहितीच नव्हतं! मी हात जोडले. बाईंनी दोघांनाही सुनावलं. कुणाला न विचारता काढा प्यायचा नाही, साखरेच्या गोळ्या चालू असताना तर नाहीच. पोटुशी बाई असेल, पाळी चुकलेली असेल, तर तिला तो अजिबात द्यायचा नाही. सोललेल्या कातडीवर पाला लावायचा नाही. धडधाकट माणसानंही आधी मनगटावर थोडा रस लावून बघायचा, खाज सुटली तर लांब राहायचं. सगळं मला बघून सांगत होत्या, कारण ऐकणारी कोण आहे ते त्यांनी ओळखलं होतं.

"आणि ही जखम चिघळली असती," त्या म्हणाल्या, "तर आधी बोट जातं. मग पाऊल."

इतका वेळ अब्बा बडबडत होते, त्यांनी पाय जवळ ओढून घेतला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "सजद्याला बोटं लागत्यात, बाई. मुडपून जमिनीला टेकवावी लागत्यात."

बाईंना आधी कळलं नाही. मी सांगितलं. त्यांनी अब्बांच्या खांद्यावर हात ठेवला. "मग आधी बोटं वाचवू. सजद्याचं नंतर बघू."

तिथून पुढं आमच्या घरात अब्बांचं पाऊल हे एक वेगळंच माणूस राहायला आलं. त्याची ड्रेसिंग, त्याची चप्पल, त्याच्यासाठी रोज उजेडात बसून बोटांच्या बेचक्या तपासणं. चहातली साखर बंद झाली तेव्हा अब्बा म्हणाले, "हा चहा न्हाय, सजा हाय." मी म्हटलं, भोगा. गोळ्या मी स्वतः त्यांच्या हातावर ठेवायचे आणि गिळल्याशिवाय हलायचे नाही. चिडायचे, मला जेलर म्हणायचे, पण घ्यायचे. जखम भरायला लई वेळ लागला. ज्या दिवशी कोरडी खपली निघाली त्या दिवशी काकूंनी गल्लीत साखर वाटली आणि मग अब्बांना दिसू नये म्हणून पुडी पदराखाली लपवली.

गुडघ्यांना पाला बांधायची मुभा बाईंनी दिली होती, पण कोमट, आणि दुसऱ्याच्या हातानं तपासून. म्हणून घरात कायदा झाला: आधी माझं मनगट, मग अब्बांचा गुडघा. पावलाला नाही म्हणजे नाही. काकूंनी 'बिसी' हा शब्दच टाकून दिला. कानडीत कोमटला काय म्हणतात ते त्यांनी अब्बांना शिकवलं, 'उगुरुबेच्चगे'. अब्बांनी दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "एवढा शब्द बोलूस्तोवर पाला थंड होतोय, काकू."

गुडघे वाकवायचे व्यायामही बाईंनी दिले होते. अब्बा ते बाजेवर बसून करायचे, मग स्टुलावर, मग माझ्या मशीनच्या बुटक्या बाकड्यावर. बाकड्यापर्यंत पोचले. जमिनीपर्यंत नाही. शेवटची वीत उतरवत नव्हती. ते त्या वीतभर अंतराकडं बघत बसायचे आणि मी बघितलं नाही असं दाखवायचे. एवढं सगळं करूनही जमलं नाही तर या माणसाला काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं.

वर्ष फिरलं. रमजान ईदेच्या सकाळी ते नवीन कुडता घालून, अत्तर लावून उभे राहिले. नवऱ्यानं खुर्ची उचलली. मी म्हटलं, "अब्बा, खुर्चीवरच बसा हां. खाली जाल एक वेळ, पण उठणार कसं?"

त्यांनी टोपी सारखी केली आणि निघून गेले.

मी शीरखुर्मा ढवळत होते, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. दूध दोनदा उतू गेलं. पडले तर? पुन्हा पायाला काही लागलं आणि कळलंच नाही तर? काकू भिंतीवरून विचारत होत्या, आले का, आले का. शेवटी मी पातेलं उतरवून दारातच येऊन थांबले.

आधी नवरा दिसला. डोक्यावर खुर्ची उलटी धरलेली, चेहरा असा की हसावं का रडावं ते त्यालाच कळत नसावं. त्याच्या मागून अब्बा काठी टेकत येत होते. सावकाश, पण आपल्या पायांनी. दोन्ही पायांत चपला. कपाळावर, टोपीच्या बरोबर खाली, ईदगाहाची माती.

माझा राग आणि माझं रडू एकदमच वर आलं. "बसलात ना खाली? ऐकलं नाहीतच ना शेवटी?"

"बसलो."

"कुणी धरलं होतं?"

"जाताना कुणी न्हाय. एकटाच गेलो. शेवटची वीत अंग सोडून दिलं."

"आणि उठताना?"

अब्बा दारातच थांबले. काकूंनाही ऐकू जावं म्हणून आवाज चढवला.

"उठताना चौघांनी उचललं, दुल्हन. माणसाला चौघं एकदाच उचलत्यात. मला उचललं, अन् म्या चालत घरी आलो."